गोल्डिंग: नावापेक्षा नाकानं ओळखायचा हॉप

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात परदेशी दुकानांसाठी शिवलेले आणि कुठल्या ना कुठल्या कारणानं इथेच राहिलेले कपडे ढिगांनी विकले जातात. त्यांतल्या पुष्कळांचं लेबल कापलेलं असतं. म्हणून तिथली मुरलेली गिऱ्हाइकं लेबलाकडे बघतच नाहीत. कापड चिमटीत धरून अंगठा फिरवतात, शिवण उलटी करून बघतात आणि मग घासाघीस सुरू करतात. हॉप्सचा व्यापारही शेकडो वर्षं असाच हातानं आणि नाकानं चालत आला आहे.

हॉप्सची पारख करायची रीत फार साधी आहे. वाळलेली चार-पाच फुलं तळहातावर घ्यायची आणि दुसऱ्या तळहातानं जोरात चोळायची. फूल म्हणजे एकावर एक बसलेल्या पातळ, फिकट हिरव्या पाकळ्यांचा अंगठ्याच्या पेराएवढा शंकू. चोळल्यावर पाकळ्यांचा चुरा होतो आणि त्यांच्या बुडाशी दडलेली पिवळीधमक भुकटी हाताला लागते. ती चिकट असते, तळहात चकचकीत होतात. मग ओंजळ नाकाशी न्यायची. पहिला वास गवताचा. तो उडून गेला की खरा वास येतो, आणि भाव त्या वासावर ठरतो. ही पिवळी भुकटी म्हणजे ल्युप्युलिन. बिअरचा कडूपणा आणि सुगंध दोन्ही तिच्यात असतात. बाकीचं फूल म्हणजे नुसतं वेष्टण.

हॉप ही भांगेच्याच कुळातली वेल आहे. आपल्याकडे भांग घोटणाऱ्यांना हे ऐकून आनंद होईल, पण नातं चुलत आहे. हॉपमध्ये भांगेची नशा नाही. वेलीत नर आणि मादी वेगळे, आणि कामाची फक्त मादी. वसंतात जमिनीतून कोंब येतात, दोरीला धरून उजवीकडून वळसे घेत पाच-सहा मीटर चढतात, उन्हाळ्याच्या शेवटी फुलतात आणि थंडीत पुन्हा जमिनीपर्यंत वाळून जातात. मूळ मात्र वर्षानुवर्षं जिवंत राहतं. नवी लागवड त्या मुळांच्या तुकड्यांपासून करतात. म्हणजे एखादी जात दोनशे वर्षं टिकली असेल, तर आजची वेल ही त्या पहिल्या वेलीचाच तुकडा असते.

गोल्डिंग ही अशीच जात. अठराव्या शतकाच्या शेवटी, साधारण १७९०च्या सुमाराला, इंग्लंडच्या केंट परगण्यात मॉलिंग गावाजवळ गोल्डिंग नावाच्या शेतकऱ्याला आपल्या मळ्यातली एक वेल इतरांपेक्षा सरस दिसली. मळा कँटरबरी नावाच्या जुन्या जातीचा होता. त्यानं त्या एका वेलीची मुळं वेगळी करून वाढवली. पुढे या जातीची खरी भरभराट झाली ती पूर्व केंटमध्ये, कँटरबरी आणि फॅव्हरशॅमच्या आसपास. तिथली जमीन खोल आणि सुपीक, खाली खडू, आणि समुद्रावरून येणारा गार वारा. लंडनच्या बाजारात 'ईस्ट केंट गोल्डिंग' हे नाव वेगळ्या भावानं बोललं जाऊ लागलं.

वेगळा भाव मिळतो तिथे भेसळ येतेच. इंग्लंडमध्ये १७७४ सालीच कायदा झाला होता की हॉप्सच्या प्रत्येक पोत्यावर पिकवणाऱ्याचं नाव, गाव आणि साल छापलं पाहिजे. पोतं म्हणजे माणसापेक्षा उंच, ठासून भरलेली लांबट गोणी. कायदा झाला तरी व्यापारी गोणीची शिवण उसवून आतला एक चौकोनी तुकडा कापून काढत आणि चोळूनच बघत. छापलेल्या नावावर त्यांचा किती भरवसा होता ते यावरून कळतं. त्यांचं चुकत नव्हतं, हे पुढे स्लोव्हेनियातल्या एका हॉपनं दाखवून दिलं. तिथे 'स्टायरियन गोल्डिंग' म्हणून एक नामांकित हॉप पिकतो. विसाव्या शतकात तिथल्या शेतकऱ्यांनी इंग्लंडहून गोल्डिंग म्हणून जी वेल नेली, ती निघाली फगल, म्हणजे इंग्लंडमधलीच दुसरी जुनी जात. नाव तोवर बाजारात रुळलं होतं, ते बदललं नाही. २०१३मध्ये युरोपीय संघानं 'ईस्ट केंट गोल्डिंग्ज'ला मूळस्थानाचं संरक्षण दिलं. आता पूर्व केंटच्या ठरलेल्या भागात पिकलेल्या हॉप्सनाच ते नाव लावता येतं. अमेरिकेत आणि कॅनडात लावलेला गोल्डिंग गोल्डिंगच, पण ईस्ट केंट नव्हे.

गोल्डिंग ही एकच जात आहे असंही नाही. अर्ली बर्ड, ब्रॅमलिंग, कॉब, ईस्टवेल असं एक घराणंच आहे. या वेली वेगवेगळ्या वेळी तयार होतात. यात शेतकऱ्याची सोय होती, कारण यंत्रं येण्यापूर्वी तोडणी हातानं व्हायची आणि त्यासाठी लंडनच्या गरीब वस्त्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं सप्टेंबरमध्ये केंटला येऊन राहायची. सगळा माल एकदम पिकला असता तर हात पुरले नसते. १९३१मध्ये या तोडणीवाल्यांत एक सडपातळ, शिकलेला तरुणही होता. बिहारमधल्या मोतीहारीला जन्मलेला हा तरुण पुढे जॉर्ज ऑर्वेल या नावानं जगाला माहीत झाला. त्यानं लिहून ठेवलंय की हॉपच्या खरखरीत देठांनी हात फाटतात आणि मजुरी पोटापुरतीही होत नाही. गोल्डिंगच्या सुगंधाबद्दल लिहिणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये.

आता आकडे. हॉप्सचा कडूपणा अल्फा आम्लांवरून मोजतात. गोल्डिंगमध्ये ती साधारण ४ ते ६ टक्के असतात. आजच्या कडू जातींमध्ये हेच प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे जातं. म्हणजे निव्वळ कडूपणासाठी गोल्डिंग वापरणं हा पैशाचा अपव्यय आहे. शिवाय वेलीला बुरशी लवकर धरते आणि उत्पन्न बेताचं. तरीही ही जात टिकली ती तिच्या तेलामुळे. तेल फार नसतं, शंभर ग्रॅमला एक मिलिलिटरच्या आत. पण त्यात ह्युम्युलिन नावाचं द्रव्य सगळ्यात जास्त आणि मर्सिन त्या मानानं कमी. अमेरिकी जातींमध्ये बहुधा याच्या उलट असतं, म्हणून त्यांच्या बिअरला आंबा, पॅशनफ्रूट, ग्रेपफ्रूट असे भडक वास येतात. गोल्डिंगचा वास हळू येतो: मध, थोडी ओली माती, लव्हेंडर, ओव्याच्या अंगानं जाणारा थाइम, आणि पाठीमागे लिंबाच्या सालीची एक छटा. कडूपणा जिभेवर चढतो आणि उतरतोही, घशाशी रेंगाळत नाही. इंग्रजी 'बिटर' ही बिअर चार-पाच ग्लास पिण्यासाठी असते. तिला असाच कडूपणा लागतो.

बिअर करताना मोड आणलेली बार्ली, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवून गोड पाणी काढतात. ते तासभर उकळतात आणि उकळीतच हॉप्स टाकतात. अल्फा आम्लं पाण्यात नीट विरघळत नाहीत. उकळीत त्यांची रचना बदलते आणि मग ती विरघळतात, कडू लागतात. यात वेळेचा खेळ आहे. पहिल्या मिनिटाला टाकलेल्या हॉप्समधून कडूपणा येतो, पण सुगंध वाफेबरोबर निघून जातो. शेवटच्या दहा मिनिटांत टाकले तर सुगंध राहतो, कडूपणा थोडा. समजा, ५ टक्के अल्फाचा गोल्डिंग लिटरला अडीच ग्रॅम टाकला. त्यात १२५ मिलिग्रॅम आम्ल आहे. तासाभराच्या उकळीत त्यातलं पाव बिअरमध्ये उतरतं, म्हणजे लिटरला तीसेक मिलिग्रॅम. बिअरवाले ज्याला ३० आयबीयू म्हणतात तो आकडा हाच. चांगल्या इंग्रजी बिटरसाठी एवढं पुरतं. वरून थोडा शेवटी, आणि थोडा तयार बिअरच्या पिंपात कोरडाच. कोरड्या हॉपनं कडूपणा फारसा वाढत नाही, नाकाला मात्र लगेच कळतो. माल्टमध्ये बिस्किटासारखी चव असेल आणि यीस्ट इंग्रजी असेल तर गोल्डिंग त्यांच्या मधोमध बसतो. गव्हाच्या बिअरमध्ये तो हरवतो. गडद पोर्टरमध्ये दिसत नाही, पण नसला तर काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं.

या हॉपचा आपल्या देशाशी संबंध कडूपणाच्या दुसऱ्या गुणातून येतो. हीच कडू द्रव्यं बिअर आंबट करणाऱ्या लॅक्टिक जिवाणूंची वाढ रोखतात. लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात, ईस्ट इंडिया कंपनीच्या गोद्यांजवळ, जॉर्ज हॉजसनची बिअरची भट्टी १७५२पासून होती. कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना स्वतःच्या खासगी व्यापारासाठी थोडी जागा मिळायची. हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर माल द्यायचा. केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई किंवा कलकत्ता गाठायला चार ते सहा महिने लागत. वाटेत दोनदा उष्ण कटिबंध. ऑक्टोबरमध्ये केलेली, साखर जवळजवळ संपेपर्यंत आंबवलेली, हॉप्सनं भरलेली फिकट बिअर या प्रवासात नासत नसे. उलट मुरून उतरायची.

'इंडिया पेल एल' भारतासाठी शोधून काढली, ही गोष्ट बिअरच्या प्रत्येक दुकानात ऐकायला मिळते. ती तशी खरी नाही. फिकट, जास्त हॉप्सची बिअर इंग्लंडात आधीपासून होती. भारताच्या बाजारानं तिला नाव आणि गिऱ्हाईक दिलं. 'ईस्ट इंडिया पेल एल' असा उल्लेख १८२९ साली सिडनीच्या एका वर्तमानपत्राच्या जाहिरातीत सापडतो, म्हणजे नावही भारताबाहेरच छापलं गेलं. आणि मुंबईत उतरणारी ही बिअर कोण पीत होतं? साधा गोरा शिपाई नव्हे. त्याच्या वाट्याला काळी, स्वस्त पोर्टर यायची. पेल एल होती अधिकाऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या टेबलावरची.

१८२०च्या दशकात हॉजसनच्या भट्टीनं भाव चढवले आणि कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवायला सुरुवात केली. कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जरीबँक्स यांनी मग इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या भट्टीवाल्या सॅम्युअल ऑलसॉपला हॉजसनच्या बिअरचा नमुना दाखवला. ऑलसॉपच्या भट्टीप्रमुखानं, जॉब गुडहेडनं, पहिला प्रयोग चहाच्या किटलीत केला अशी आख्यायिका आहे. किटलीचं खरंखोटं सोडून देऊ. बर्टनचं पाणी मात्र खरंच वेगळं होतं: त्यात जिप्सम फार, आणि त्यानं हॉपचा कडूपणा कोरडा, स्वच्छ होतो. (पाण्यावाचून बिअर नाही, हे आपल्याला वेगळ्या तऱ्हेनं कळलं. २०१६च्या दुष्काळात वाळूजच्या बिअर कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला होता.) बर्टनवाले निर्यातीच्या बिअरला दर पिंपाला, म्हणजे सुमारे १६४ लिटरला, पाच-सहा पौंड हॉप्स टाकत. लिटरला पंधरा ग्रॅमच्या आसपास. वरच्या हिशेबानं कडूपणा दोनशेच्या घरात जायला हवा, पण बिअरमध्ये एवढा विरघळतच नाही, मर्यादा शंभराच्या आसपास येते. त्यातलाही बराच महिनोन् महिने मुरताना उतरतो. एवढा माल ओतायचा तर तो मऊ हवा. कडवट, रासवट हॉप या प्रमाणात वापरला असता तर बिअर औषध झाली असती. केंटच्या गोल्डिंगला बर्टनवाले जास्त पैसे मोजायचे ते यासाठी.

मग हॉप इथेच का पिकवला नाही? वेलीला दोन गोष्टी लागतात: हिवाळ्यात काही आठवडे कडक थंडी आणि उन्हाळ्यात लांब दिवस. केंटमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा. दिल्लीत तो चौदाच्या आसपास थांबतो, पुण्यात सव्वातेराच्या. दिवस लहान पडला की वेल उंच होण्याआधीच फुलते आणि हाती चार फुलं लागतात. काश्मीरमध्ये सोपोरजवळ दुबगामला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉप्सचा मळा होता. वॉल्टर लॉरेन्स यांनी काश्मीरवरच्या १८९५च्या पुस्तकात त्याची नोंद केली आहे. स्वातंत्र्यानंतर, १९७०च्या दशकात, हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात हॉप्स आले. तिथे रुजली ती 'लेट क्लस्टर'. ही अमेरिकेतली जुनी जात, गोल्डिंगपेक्षा कडू आणि साठवणीला चिवट. सुगंधात गोल्डिंगशी तिची तुलना करू नये, पण रोहतांग खिंडीतल्या बर्फानं तेव्हा महिनोन् महिने रस्ता बंद राहणाऱ्या मुलखात टिकाऊपणाच कामाचा होता. सहा महिने साध्या खोलीत ठेवलेला गोल्डिंग आपल्या अल्फाचा पाव हिस्सा तरी गमावतो. क्लस्टर त्याहून कमी गमावतो.

इथल्या भट्ट्या मात्र मुख्यतः परदेशी हॉप्सवर वाढल्या. एडवर्ड डायरनं कसौलीला बिअर सुरू केली. १८८७मध्ये एच. जी. मीकिननं ती घेतली आणि राणीखेत, डलहौसी, दार्जिलिंगबरोबर पुण्याला लागून असलेल्या खडकीतही भट्टी काढली. खडकी निवडण्याचं कारण उघड आहे: छावणी. १९४९मध्ये ही कंपनी नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडे आली आणि दिल्लीलगत गाझियाबादला त्यांच्या नावानं मोहन नगर वसलं. त्याच १९४९ साली मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला, ज्याचा परवाना आजही महाराष्ट्रात प्यायला लागतो. मोहन नगर असो की वाळूज, मोठ्या कारखान्यांमध्ये बनते ती लागर: थंडगार प्यायची, हॉप्स नावापुरते. गोल्डिंगला तिथे काम नाही.

त्याचं काम पुन्हा निघालं छोट्या भट्ट्यांमध्ये. पुण्यात २००९मध्ये 'डूलाली' सुरू झाली आणि महाराष्ट्रात ताज्या बिअरची गोडी लागली. राजधानीकडे हा धंदा फोफावला गुरुग्रामला. सरोजिनी नगरहून मेट्रोनं एक स्टेशन आयएनए, तिथून यलो लाइननं सरळ. या ठिकाणी हॉप्स फुलं म्हणून येत नाहीत. दळून, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या, चंदेरी पिशव्यांत हवा काढून बंद केलेल्या, फ्रीझरमध्ये ठेवलेल्या असतात. पाटीवर आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, असते, पण बहुधा अमेरिकी हॉप्सची, आंब्याच्या वासाची. चांगली असते. जी बिअर मुंबईला उतरायची तिच्याशी तिचं नातं नावापुरतंच. मला विचाराल तर पाटीवर इंग्लिश बिटर किंवा इंग्लिश आयपीए असं काही दिसलं तर आधी ते मागवावं, आणि हॉप कोणता ते भट्टीवाल्याला विचारावं; तो खूश होऊन सांगतो.

ग्लास घेऊन गच्चीवर उन्हात बसू नये. हॉपच्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की काही मिनिटांत एक उग्र, घाणेरडा वास तयार होतो. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या त्यासाठी. आणि दुसरं: इंग्लंडात ही बिअर तळघराच्या गारव्याला, ११ ते १३ अंशांना देतात. आपल्याकडे ती चार अंशांवर येते आणि एवढ्या थंडीत गोल्डिंगचा वास उठतच नाही. म्हणून ग्लास दहा-पंधरा मिनिटं तसाच टेबलावर राहू द्यावा. वेटर दोनदा येऊन विचारील की सर, बिअर ठीक नाही का, बदलून आणू? आणि नाही म्हणायच्या आत नवा, गारठलेला ग्लास आणून ठेवील.